पंधरवड्यातलं ऑइल

आमच्या घरात पितर जेवायला येत नाहीत. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच त्यांचं येणं-जाणं बंद झालं. मेलेली माणसं आमच्यातही आहेत, भिंतीवर त्यांचे फोटो आहेत, आई तर अलीकडंच त्या भिंतीवर गेली. पण भाद्रपदात त्यांच्यासाठी कुणी वडे तळत नाही, की कावळ्याची वाट बघत पत्र्याकडं डोळे लावून बसत नाही. त्यामुळं ज्या पंधरवड्यात अख्खा धाराशिव जिल्हा नवा रुमालसुद्धा विकत घेत नाही, त्या पंधरवड्यात आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, पिशवी घेऊन खरेदीला निघतात.

फ्रीज पंधरवड्यातला, लोखंडी कपाट पंधरवड्यातलं, माझ्या लग्नाचा बस्तासुद्धा पंधरवड्यातच बांधला. दुकानदार माशा मारत बसलेला असतो, गिऱ्हाईक दिसलं की खुर्ची पुसून देतो, चहा सांगतो आणि भाव करायला बसलं तर उठून जात नाही. आण्णा याला ‘आपला सीझन’ म्हणतात. बाकीच्यांचे पितर वर्षातून एकदा येतात ते केवळ आपल्याला सूट मिळावी म्हणून, असा त्यांचा ठाम समज आहे.

मोटारसायकल तर पंधरवड्यातली असणारच होती. आण्णा तेव्हा ग्रामसेवक होते, एकाच वेळी तीन-चार गावं त्यांच्या गळ्यात, आणि सायकलवर जीव निघायचा. ते तुळजापूरहून जिल्ह्याच्या गावी शोरूमला गेले, तर मालक त्यांना बघून दचकलाच. “भाऊसाहेब, पंधरवडा चालू आहे. घटस्थापनेला या की. चांगला दिवस बघून गाडी देतो.” आण्णा म्हणाले, “मला गाडी पाहिजे, दिवस नको.” मग काय, अख्खं शोरूम त्यांच्या एका गाडीमागं लागलं. चारजण पुसायला, दोघं हवा बघायला. चावी मात्र मालकानं हातात दिली नाही. टेबलावर ठेवली आणि म्हणाला, घ्या. आण्णा हा किस्सा सांगताना हसतात. पंधरवड्यामुळं ठेवली असंल, म्हणतात. मी पुढं काही विचारत नाही.

ती गाडी अजून आहे. तिचा मीटर कधीचा बंद पडलाय, सीटचं कव्हर दोनदा बदललंय, पण किक मारली की सुरू होते. नोकरीत असताना आण्णा गल्लीतल्या गॅरेजवरही ऑइल बदलून घ्यायचे. रिटायर झाल्यावर मात्र वर्षातून एकदा, पंधरवड्यात आणि शोरूमलाच. कारण ऑफर.

ही ऑफर समजून घ्यायची तर पंधरवड्यातलं शोरूम बघायला पाहिजे. आता ते बायपासला गेलंय, काचेचं झालंय, आत एसी आहे. मालकाचा मुलगा बघतो. नव्या गाड्या ओळीनं उभ्या असतात आणि त्यांच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. विक्रीची माणसं मोबाईल चोळत बसलेली. घटस्थापना झाली की तिथं पाय ठेवायला जागा राहणार नाही, पण तोवर वर्कशॉप तरी हलतं राहावं म्हणून ऑइल चेंजची ऑफर निघते. ऑइल स्वस्तात, गाडी धुणं फुकट, चहा फुकट आणि जाताना एक छत्री. छत्री का, तर पावसाळ्यासाठी मागवलेल्या उरलेल्या असतात. बॅनरवर पितृपक्षाचं नाव काढायची कुणाची छाती नाही. मोठ्या अक्षरांत ‘दसरापूर्व सर्व्हिस महोत्सव’ आणि कोपऱ्यात देवीचा फोटो. महोत्सव म्हणे.

या महोत्सवाला वर्षानुवर्षं तीच माणसं येतात आणि त्याच खुर्च्यांवर बसतात. एक जळकोटचे चाचा. एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. आण्णांना बघितलं की म्हणतात, “आवो साहेब, आले का गाडीला ऑइल पाजायला? आपलं बरंय, आपल्याला बारा महिने सीझनच.” दुसरे वाशीचे एक गुरुजी. ते पंधरवडा कडक पाळतात. त्यांनी म्हणे आपल्या भटजींना रीतसर विचारलं होतं, ऑइल ही नवी वस्तू की दुरुस्ती? भटजींनी विचार करून सांगितलं, दुरुस्ती. म्हणून गुरुजी येतात. पण छत्री घेत नाहीत, ती नवी वस्तू. “माझी बाजूला ठेवा, घटस्थापनेला पुतण्या येऊन नेईल,” असं काउंटरला सांगतात. एकदा आण्णांनी विचारलं, गुरुजी, मधे पाऊस आला तर? गुरुजी म्हणाले, भिजू.

तर अशी ती मैफल. मी तिच्यात कधी गेले नव्हते. मी राहते धाराशिवला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मुलांच्या सहामाहीचे पेपर आणि घरचा रगाडा यात ऑइलची मैफल बघायला कुणाला वेळ आहे? पण गेल्या वर्षभरात आण्णांची गाडी हा माझ्या डोक्याला झालेला ताप होता.

आई गेल्यापासून आण्णा तुळजापूरला एकटे. भाऊ पुण्याला. दोघांनी सांगून बघितलं, आमच्याकडं या, आले नाहीत. बरं, नका येऊ. पण सत्तरी उलटून गेलेला माणूस त्या गावात गाडी घालतो, जिथं वर्षातले निम्मे दिवस भक्तांची गर्दी आणि उरलेले निम्मे दिवस गर्दीची तयारी. त्यात त्यांना एक खोड आहे, जुनी. उतार लागला की इंजिन बंद करतात, पेट्रोल वाचवायला. आमचं घर चढावर. त्यामुळं दारातनं निघताना गाडीचा आवाजच नाही, नुसतं चाकांचं खुळखुळणं, आणि हे निघाले खाली कोपऱ्याकडं. ब्रेक लागला नाही तर? एखादं पोर आडवं आलं तर? मी रोज संध्याकाळी फोन करायचे.

“आज गाडी काढली होती का?”

“काढली.”

“कुठवर?”

“जरा चौकापर्यंत.”

“आण्णा, तुम्हाला किती वेळा सांगायचं?”

“गाडी चालवू नको तर काय करू? तिला हार घालू?”

आणि मग सुरू. मी म्हणायचे, तुमचे डोळे बरे नाहीत. ते म्हणायचे, तुझे बघ, तुला चष्मा आहे. मी म्हणायचे, हात-पाय मोडले तर कोण करणार? ते म्हणायचे, तू नकोस करू, नर्स ठेवीन. मी आपटून फोन ठेवायचे, म्हणजे आता मोबाईल आपटता येत नाही, पण मनात आपटायचे. माझा नवरा स्वयंपाकघरात डोकावून म्हणायचा, झाला का तुझा गाडीचा तास? शेजारच्या वहिनींना मी पाळतीवर ठेवलं होतं. त्या इमानानं कळवायच्या, काका आत्ताच आले बघा, गाडी वाजली. झालं, माझा पारा परत वर.

यंदा भाद्रपदात आण्णांच्या मोबाईलवर शोरूमचा मेसेज आला. त्यांनी तो मला पुढं ढकलला आणि फोन करून म्हणाले, रविवारी ऑइलला जायचंय.

मी म्हणलं, “यंदा ऑइल नाही. यंदा गाडीच द्यायची. तिथंच एक्सचेंजचं काउंटर आहे.” पुण्याहून भावानं लगेच होकार भरला. ज्याला स्वतः जायचं नसतं, त्याचा होकार फार लवकर येतो.

“का म्हणून द्यायची?”

“इंजिन गेलंय तिचं. धूर मारते. ऑइल खाते.”

“कोण म्हणतं?”

“मी म्हणते. मी बघितलाय धूर.”

आण्णा थोडा वेळ गप्प बसले. ग्रामसभेत एखादा फारच बोलायला लागला की ते असेच गप्प बसायचे म्हणे, आणि मग ठराव मांडायचे. तसा त्यांनी ठराव मांडला. मागच्या साली ऑइल जेवढं टाकलं, तेवढंच आता निघतं का बघू. कमी निघालं, म्हणजे इंजिन ऑइल खातंय. तर गाडी तिथंच सोडून मोकळ्या हातानं परत येऊ. माप भरून निघालं, तर पुढच्या पंधरवड्यापर्यंत गाडी हा शब्द मी तोंडातून काढायचा नाही. फोनवरसुद्धा नाही.

मी एका पायावर कबूल झाले. तसल्या जुनाट गाडीतनं माप भरून ऑइल निघतं का कधी? मनात म्हणलं, सुटले बाई एकदाची.

रविवारी सकाळीच एसटीनं तुळजापूरला गेले. आण्णा इस्त्रीचा शर्ट घालून दारात तयार. गाडी पुसून लख्ख. त्यांनी चावी माझ्या हातात दिली.

“तू चालव.”

“मी?”

“तूच म्हणणार, इंजिन गेलंय. मग हातात घेऊन बघ की.”

मला वाटलं, आहे खरा बेरकी. गाडी किती चांगली चालते ते मला दाखवणार, आणि मी विरघळणार. पण मला ती गाडी चालवायची हौसही होती, खोटं कशाला बोलू. शाळेच्या पटांगणात आण्णांनीच मला शिकवली होती, कॉलेजात असताना. तेव्हा गल्लीत बोलणी झाली होती, पोरीला काय पोलिसात घालायचंय का म्हणून. नंतर स्कूटी आली आणि डाव्या पायाला गिअरचा विसर पडला.

आण्णा मागं बसले की नुसते बसत नाहीत, मागनं गाडी चालवतात. गिअर बदल. खाली टाक. हॉर्न दे. वळणावर मी इंडिकेटर लावला तरी हे स्वतःचा उजवा हात लांब करून दाखवणार. एक टेम्पोवाला त्यांच्या हाताला घाबरून पार साईडपट्टीवर उतरला. रस्त्यातली माणसं वळून बघत होती, बाई पुढं आणि इस्त्रीच्या शर्टातला म्हातारा मागं, हात पसरून. उतार आला तसं कानात म्हणाले, “बंद कर, उतार आहे.” मी केली नाही. तेवढंच माझं बंड. इंजिन मात्र बरं वाटत होतं, धूर कुठं दिसेना, आणि मी हरणार की काय अशी शंका मला तिथंच यायला लागली.

शोरूमला चाचा आधीच येऊन बसले होते. गुरुजीही. चाचांनी मला हँडलवर बघितलं आणि म्हणाले, “काय साहेब, यंदा डायवर ठेवला का?”

“पोरगी ऐकत न्हाय,” आण्णा म्हणाले, आणि जरा जास्तच मोठ्यांदा हसले.

एक्सचेंजच्या काउंटरवरचा माणूस आम्हाला बघून उठला. पंधरवड्यात त्याच्याकडं कोण फिरकणार? मी त्याला आदल्या दिवशीच फोनवर सांगून ठेवलं होतं, की वेळ आली तर उशीर नको. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि आजारी माणसाला भेटायला आल्यासारखं तोंड केलं. मग आण्णांना एका बॅटरीवरच्या स्कूटरपाशी घेऊन गेला. “काका, हिला ऑइलच लागत नाही. कटकटच नाही.” आण्णांनी स्कूटरकडं नीट बघितलं आणि विचारलं, “मग पंधरवड्यात तुम्ही करणार काय?” गुरुजी मिशीत हसले.

एरवी वर्कशॉपमधे गिऱ्हाईकाला जाऊ देत नाहीत, काचेतनं बघा म्हणतात. पंधरवड्यात सगळं चालतं. आम्ही चौघंही आत गेलो: आण्णा, मी, आणि पैजेचं कळल्यावर चाचा आणि गुरुजी कसले बाहेर बसतात? मेकॅनिक चांगला जाड, बोलका गडी होता. मी त्याला आधीच बजावलं, सांडायचं नाही, सगळं मापात धरायचं. तो म्हणाला, “बाई, दूध काढतोय का आपण?” पण त्यानं स्वच्छ ट्रे आणला, खाली सरकवला, पान्यानं नट सैल केला आणि शेवटचे आटे बोटांनी फिरवून बाजूला झाला.

ऑइल आलं. जाड धार, सलग, थांबायचं नाव नाही. माझं सगळं लक्ष ट्रेमधल्या पातळीवर. मनात मी म्हणत होते, आता बारीक होईल, आता तुटेल. ती तुटली तेव्हा ट्रे चांगला भरला होता. मेकॅनिकनं तो मापाच्या डब्यात ओतला. काठोकाठ. मागच्या साली टाकलं तेवढं, तिळभर कमी नाही.

चाचांनी आण्णांच्या पाठीवर थाप मारली. “साहेब, इंजिन है के मजाक? पोरगी हारली.” गुरुजींनी माझ्याकडं बघून मान हलवली, नापास झालेल्या मुलीकडं बघावं तशी. मी धुमसत होते. आता वर्षभर तोंड शिवून बसायचं, आणि हे रोज उतारावर गाडी सोडणार, आणि मी विचारायचंसुद्धा नाही. भावाला काय सांगू? स्वतःच्याच तोंडानं कबूल झाले होते, दुसऱ्याला दोष देऊन उपयोग नव्हता. एक्सचेंजवाला दारात कागद घेऊन उभा होता, त्यालाही बघवेना.

जिंकलेल्या माणसानं हसायला पाहिजे. आण्णा डब्याकडंही बघत नव्हते, भिंतीवरच्या पान्यांकडं बघत होते.

मेकॅनिकनं डब्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं आणि उजेडाकडं धरलं. तेव्हा मी पहिल्यांदा ऑइलचा रंग बघितला. घाण्यावरनं आणलेल्या करडीच्या तेलासारखं होतं, पिवळंधमक. त्याच्या बोटाचे ठसे आरपार दिसत होते.

“काका, ह्ये कवा टाकलंय?”

“मागच्या साली,” आण्णा म्हणाले. “हितंच.”

“ह्ये तर नवंच हाय की. गाडी काय कपाटात ठिवली व्हती का सालभर?”

वर्कशॉपच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मग चाचा घसा खाकरून म्हणाले, “अरे बाबा, साहेब गाडी हळू चालवतात. हळू चालवल्यावर ऑइल काळं पडत न्हाय.”

जन्मभर एसटी चालवलेला माणूस हे म्हणत होता. आणि पंधरवडा कडक पाळणारे, छत्रीलासुद्धा हात न लावणारे गुरुजी तत्काळ म्हणाले, “हो हो, ते असतं तसं.”

मेकॅनिकनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा ऑइलकडं. मी गणित शिकवते. पाचवीच्या पोरानं सोडवावं इतकं सोपं ते गणित होतं, आणि मला ते सोडवायचं नव्हतं. रोज संध्याकाळी आण्णा म्हणत होते, काढली. रोज वहिनी म्हणत होत्या, गाडी वाजली. आणि ऑइल म्हणत होतं, गाडी कुठं गेलीच नाही.

“मग नवीन टाकायचं का ह्येच परत टाकू?” मेकॅनिकनं विचारलं. “चांगलंय अजून.”

त्यावर आण्णांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या लहानपणापासून त्यांनी माझ्याकडं असं कधी बघितल्याचं मला आठवत नाही. मी त्यांच्याकडं बघायचे, प्रगतिपुस्तक पुढं केल्यावर, तसं.

“नवीन टाका,” मी म्हणलं. “ऑफर आहे ना.”

ते चांगलं ऑइल कोपऱ्यातल्या जळक्या ऑइलच्या पिंपात गेलं. नवीन पडलं. एक्सचेंजवाल्याला मी सांगितलं, राहू द्या, गाडी चांगली आहे. तो हिरमुसला बिचारा. आम्हाला छत्री मिळाली. चाचांनी निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आपल्या खुर्चीकडं गेले.

परतीच्या वाटेवर आण्णांनी मागनं गाडी चालवली नाही. गिअर बदल म्हणाले नाहीत, हात दाखवला नाही. निम्म्या वाटेवर एक चहाची टपरी लागली, तिथं मी गाडी थांबवली. बाकड्यावर बसलो. चहा आला. मी विचारलं, “कवापासून?”

“कोजागरीपासनं.”

कोजागरीला तुळजापूरच्या रस्त्यांवर गाड्यांना जागाच नसते. लांबलांबनं माणसं अनवाणी चालत येतात, सगळा रस्ता माणसांचा. त्याच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला आण्णा घरी येत होते. कडेकडेनं, हळू. गाडीनं आचके दिले आणि ती बंद पडली. पेट्रोल संपलं होतं, दुसरं काही नाही. आण्णा खाली बघतात तर पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर एक बाई रस्त्यात बसली होती, पायाच्या फोडावर चिंधी बांधत.

“मला ती दिसलीच न्हवती,” आण्णा म्हणाले. “मी ब्रेक मारलाच न्हवता. पेट्रोल संपलं म्हणून थांबलो. ती उठली आणि माझ्या पाया पडायला लागली. म्हणाली, बाबा, देवीनं तुमच्या रूपानं वाचवलं. मी म्हणलं, व्हय.”

ज्या माणसानं उभ्या जन्मात देवळाची पायरी चढली नाही, त्यानं त्या बाईला व्हय म्हणलं. दुसरं काय म्हणणार?

“तिथनं गाडी ढकलत आणली. पुन्यांदा रस्त्यावर घातली न्हाय.”

“मग वहिनी रोज सांगतात ते?”

आता त्यांना थोडं हसू आलं. रोज सकाळी ते गाडी उतारावर सोडायचे, बंदच, दोन्ही पाय रस्त्याला लावून, खाली कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यावर पिठाच्या गिरणीमागं गाडी लावायची. तिथनं पायी वाचनालय, पायी भाजी, पायी चौक. घरी यायचं म्हणजे गाडी सुरू करायची आणि रस्ता मोकळा झाला की पहिल्या गिअरात चढ चढायचा, तो एवढाच. गल्लीभर आवाज. भाऊसाहेब आले. इतकी वर्षं पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून निघणाऱ्या माणसाची गाडी वाजली नाही, म्हणून कुणाला संशय येणार?

मला राग आला. वाईट नंतर वाटलं, आधी राग आला, आणि तो साधासुधा नव्हता. वर्षभर माझं रक्त आटवलं. शाळेत फळ्यावर लिहिताना हात थांबायचा माझा, की आत्ता आण्णा कुठं असतील, कुठल्या ट्रकमागं असतील. आणि हे वाचनालयात पेपर वाचत बसलेले.

“मला सांगायचं ना,” मी म्हणलं. बाजूच्या बाकड्यावरची माणसं बघायला लागली, इतक्या मोठ्यांदा म्हणलं. “रोज फोन करत होते मी. रोज भांडत होते. एक दिवस म्हणायचं ना, गाडी सोडली म्हणून. विषय संपला असता.”

आण्णांनी कप खाली ठेवला. “तेच की,” म्हणाले. “विषय संपला असता. मग तू फोन कशाला केला असतास?”

मी म्हणणार होते, असं कसं, केला असता की. तोंड उघडलंसुद्धा. मग आई असतानाचे फोन आठवायला लागले. आई फोन उचलायची, आम्ही तासभर बोलायचो, आणि शेवटी ती म्हणायची, थांब, आण्णांना देते. आण्णा म्हणायचे, बरंय ना? मी म्हणायचे, बरंय. ठेवू? ठेवा. एवढंच आमचं बोलणं. गाडीवरनं भांडायला लागल्यापासून ते वाढलं होतं. मी भांडत होते आणि आण्णा त्याला गप्पा समजत होते.

चहा झाला. पुन्हा गाडीवर बसलो. पैज आण्णांनी जिंकली होती, गाडी हा शब्द आता वर्षभर काढायचा नव्हता. मी काढणारही नव्हते. पण भांडायला काहीतरी पाहिजे होतं, आणि तुळजापूर येईपर्यंत मी तेच शोधत होते. मान मागं वळवून म्हणलं, डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचं. जाऊ, म्हणाले. लोणचं बंद करा. करतो. पुण्याला महिनाभर राहून या. येतो. मी जे जे म्हणलं त्या सगळ्याला आण्णा हो म्हणत गेले, एकदासुद्धा नाही म्हणाले नाहीत, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांची काळजी वाटायच्या ऐवजी भीती वाटली.